कारण नसलेली हरकत

“बस,” असे म्हणून गंगाधर टेंभुर्ण्यांनी बाकाची धूळ पुसलेला रुमाल झटकला, त्याची घडी केली आणि तो खिशात ठेवला. “आज काहून उशीर केला बे?”

“प्रयोगशाळेत नमुने आले होते, भाऊ. कवर्ध्याकडचे.” शालिग्राम रामटेके बसले.

नमुने खरेच आले होते, पण उशिराचे कारण ते नव्हते. रायपूरच्या बूढातालाबच्या फाटकापाशी शालिग्राम बराच वेळ नुसते उभे होते. त्या दिवशी सकाळी त्यांनी एक मेल पाठवली होती. ती गंगाधरभाऊंनी वाचली आहे की नाही, हे त्यांच्या बसण्यावरून ओळखता येते का, ते दुरून पाहत होते. दुरून काही ओळखता आले नाही. जवळ आल्यावरही आले नाही.

गंगाधरभाऊंनी भुईमुगाच्या फल्लीची पुडी उघडली. टरफल अंगठ्याने फोडायचे, दाण्यांची साल चोळून उडवायची आणि निम्मे दाणे शालिग्रामच्या तळहातावर ठेवायचे, हे काम ते कित्येक वर्षे स्वतःच करत आले होते. “तुले फोडता येत नाही. दाण्याचा भुगा करतोस,” हे त्यांचे कारण.

“पाह्य, तिकडे फवारा लावून राहिले म्हणते,” ते म्हणाले. “रंगीत दिव्यांचा. राजधानी झाली न आपली.”

“नावही बदललं तलावाचं.”

“बदलू दे. मासोळ्यायले कोण सांगितलं?”

शालिग्राम हसले. मग विचारले, “डोळ्याचं काय म्हणाला डॉक्टर?”

“मोतीबिंदू पिकू द्या म्हणे. मी म्हटलं, आंबा आहे का तो?”

अंधार पडेपर्यंत दोघे बसले. गुडघे, विहारातल्या वर्षावासाच्या प्रवचनांची वेळ, तात्यापाऱ्यात पुन्हा खोदलेली गल्ली, असे सारे विषय झाले. सकाळच्या मेलचा विषय निघाला नाही. तो निघणारही नव्हता. ‘आखर’विषयी तलावाच्या काठावर एक शब्दही बोलायचा नाही असा नियम होता आणि तो शालिग्रामनेच करून घेतला होता.

*

‘आखर’ हा एक संगणक-प्रोग्राम होता. नवे राज्य झाले तेव्हा भोपाळहून रायपुरात जी सरकारी कागदपत्रे आली, त्यांतली पुष्कळशी संगणकावर होती, आणि प्रत्येक खात्याने ती आपापल्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. दुसऱ्या यंत्रावर उघडली की त्यांतल्या हिंदीचा नुसता चिन्हांचा कचरा दिसे. गंगाधर टेंभुर्णे तेव्हा रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. विहाराच्या स्मरणिकेचा मजकूर असाच कचरा होऊन बसला, म्हणून त्यांनी घरी बसून तो वाचता येईल अशा अक्षरांत फिरवणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. मग तो इंटरनेटवर ठेवून दिला. कोणीही वापरावा, उघडून पाहावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा. अट एवढीच, की पुढे देणाऱ्यानेही तो असाच मोकळा ठेवावा.

लोक वापरू लागले आणि चुका कळवू लागले. काही जणांनी चुका कळवण्याऐवजी दुरुस्त्याच पाठवल्या. भिलाई, नागपूर, जबलपूर, एक जण मस्कतला. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते. पगार कोणालाच नव्हता. एकदा कुठल्याशा विद्यापीठातल्या मुलीने सगळ्यांना प्रश्न पाठवला होता की, तुम्ही हे काम फुकट का करता? रसायनशास्त्राचे पदवीधर आणि पाणी-तपासणी प्रयोगशाळेतले वरिष्ठ साहाय्यक असलेल्या शालिग्रामने त्याला दीड पानाचे उत्तर लिहिले. त्यात परोपकार हे कारण पुराव्याअभावी बाजूला ठेवले होते आणि स्वतःची गरज, कौशल्याची आवड व बरोबरीच्या माणसांची मान्यता ही कारणे क्रमाने मांडली होती. गंगाधरभाऊंचे उत्तर एका ओळीचे होते: ‘इथे चूक सापडली तर लोक मला माझ्या नावाने लिहितात.’

ती ओळ शालिग्रामला तेव्हा उडवाउडवीची वाटली होती.

सुरुवातीला सगळे निर्णय या बाकावरच होत. संध्याकाळी दोघांचे ठरे आणि सकाळी बाकीच्यांना कळे. भिलाईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या सोनिया साहूने एकदा मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी जाणाऱ्या पत्रव्यवहारात, लिहिले की आखरचे सरकार तलावाच्या काठावर चालते आणि आम्हाला फक्त राजपत्र मिळते. टोमणा शालिग्रामला लागला, कारण तो खरा होता. प्रयोग ज्याला पाहता येत नाही त्याने निष्कर्षावर विश्वास का ठेवावा? त्याच आठवड्यात त्यांनी नियम मांडला: जे लिस्टवर लिहिले नाही, ते झालेच नाही.

दुसरा नियमही त्यांचाच. पगारी माणसाला उत्तर मागता येते. हौशी माणसाला कसे मागणार? कोणाची परीक्षा असते, कोणाच्या घरी लग्न असते, आणि दुरुस्त्या महिनोन् महिने पडून राहतात. म्हणून असे ठरवावे, की प्रस्ताव लिस्टवर आल्यापासून आठवडाभरात कोणी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर. हरकत एकाची असली तरी पुरे. मात्र तिला कारण हवे. कारण नसलेली हरकत धरली जाणार नाही.

तेव्हा गंगाधरभाऊंनी लिस्टवर लिहिले होते: ‘रामटेकेजी, आमच्या खात्यात विझलेला दिवा हिरवा धरत नाहीत. लाल धरतात.’

शालिग्रामने उत्तर दिले होते: ‘टेंभुर्णेजी, उपमा हे कारण नव्हे.’

त्यावर गंगाधरभाऊ काही बोलले नाहीत. आठवडा गेला. नियम मंजूर झाला.

*

सकाळच्या मेलमध्ये प्रस्ताव होता. आखरचे मेन्टेनरपद, म्हणजे कोणाची दुरुस्ती आत घ्यायची आणि कोणाची परत पाठवायची हे ठरवणारी किल्ली, टेंभुर्णेजींकडून रामटेके यांच्याकडे यावी. कारणे दिली होती. दुरुस्त्या साचल्या आहेत. सोनियाची जोडाक्षरांची दुरुस्ती उन्हाळ्यापासून पडून आहे. नागपूरचे दोघे वेगळी चूल मांडायच्या गोष्टी करत आहेत. प्रोग्राम मोकळा असल्यामुळे त्यांना तसे करण्यापासून कोणी अडवू शकत नाही, आणि एकदा चुली वेगळ्या झाल्या की एकीतले काम दुसरीत येत नाही. टेंभुर्णेजींच्या योगदानाबद्दल सर्वांना आदर आहे.

यातले एकही विधान खोटे नव्हते. शालिग्रामने ते तीनदा तपासले होते. निवृत्तीनंतर गंगाधरभाऊ आणखी सावकाश झाले होते. प्रत्येक दुरुस्ती ते ओळीओळीने वाचत, आणि दृष्टी अधू झाल्यापासून दोनदा वाचत. चूक सापडली की पाठवणाऱ्याला दिलेले उत्तर असे असे, की तो पुन्हा काही पाठवायच्या आधी विचार करी. पण त्यांच्या हातून गेलेल्या दुरुस्तीने कधी कोणाचा मजकूर बिघडवला नव्हता, हेही तितकेच खरे होते. प्रस्तावात ते नव्हते. कारण तो मुद्दा नव्हता.

रात्री जेवताना विमलाने विचारले, “सांगतलं का मग भाऊंले?”

“लिस्टवर टाकलं.”

“मी लिस्टीचं नाही विचारून राहिली. त्यायले सांगतलं का?”

“तेही लिस्टवरच आहेत.”

“अन् संध्याकाळी तुम्ही कुठं होते?”

“तलावावर.”

“त्यायच्याच बाजूले?”

शालिग्रामने नियम समजावून सांगितला. विमलाने तो शांतपणे ऐकून घेतला आणि ताटात भात वाढला.

“म्हणजे एका बाकावर बसून फल्ल्या खाता,” ती म्हणाली, “अन् भांडण पोस्टानं पाठवता. शिकलेल्या मानसायचं मोठं कौतिक आहे बाप्पा.”

“भांडण नाही ते. प्रस्ताव आहे.”

“हव,” विमला म्हणाली. या एका छत्तीसगढी शब्दाचा ती होकारासाठी क्वचितच उपयोग करी.

*

पहिले काही दिवस लिस्ट शांत होती. प्रस्तावाखाली कोणी काही लिहीत नव्हते. शालिग्राम सकाळी उघडून पाहत, दुपारी प्रयोगशाळेत पाहत, तलावावर जाण्याआधी पाहत.

गुरुवारी सोनियाचा फोन आला. समोर नळीतले पाणी रंग धरते का, हे शालिग्राम पाहत होते.

“रामटेके सर, टेंभुर्णे सर का कुछ आया नहीं अब तक. तबीयत तो ठीक है न उनकी?”

“ठीक आहेत. काल भेटलो होतो.”

सोनियाला मराठी कळे, पण उत्तर ती हिंदीतच देई. “तो क्या बोले वो?”

“या विषयावर बोलणं झालं नाही.”

“मिले, और बात नहीं हुई?”

“तलावावर आखरविषयी बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. तुमच्याच तक्रारीवरून.”

मग ती म्हणाली, “सर, मैंने तो मज़ाक में लिखा था.”

“नियम गांभीर्याने झाला. तुमचं मत असेल तर लिस्टवर लिहा.”

“लिस्ट पे सब देखेंगे, सर. मेरा ही पैच अटका है. मैं मना करूँ तो अजीब, हाँ करूँ तो और अजीब. उन्होंने मुझे शुरू से सिखाया है. पहली बार डाँटा था तो मैं रोई थी. आप तो उनके घर के आदमी हैं. आप एक बार पूछ लीजिए न.”

“पाहतो,” शालिग्राम म्हणाले.

फोन ठेवून ते समोरच्या नळीकडे वळले. पाण्यात आर्सेनिकचा रंग उमटला नव्हता. अहवालाच्या रकान्यात त्यांनी सवयीने लिहिले, ‘आढळले नाही.’ प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी हेच शिकवत की ‘नाही’ असे कधी लिहायचे नाही. आपल्याला आढळले नाही, एवढेच आपल्याला माहीत असते. आपली पद्धत जिथपर्यंत पाहू शकते, तिच्या खाली काय आहे ते आपल्याला माहीत नसते.

ते वाक्य त्यांच्या मनात आले, आणि ते त्यांनी जाऊ दिले. नंतर या आठवड्याचा विचार करताना त्यांना सर्वांत जास्त लाज याच क्षणाची वाटली. न कळण्याची लाज एक वेळ सोसता येते.

त्या संध्याकाळी गंगाधरभाऊ नेहमीच्या आधी आलेले होते. बाक पुसलेला होता. फल्ली फोडता फोडता ते मधेच थांबले. त्यांचे तोंड तलावाकडे होते.

“शालिग्राम, तुले काही बोलायचं आहे का?”

प्रश्न साध्या आवाजात विचारला होता. त्यात आखरचे नाव नव्हते. नियम मोडला असे कोणी म्हणू शकले नसते, आणि उत्तर देणाऱ्यानेही तो मोडला असे झाले नसते. भाऊ, मले वाईट वाटून राहिलं, एवढे म्हटले असते तरी पुरले असते. शालिग्रामला हे सगळे त्याच क्षणी स्पष्ट दिसत होते. पण बोलायला सुरुवात केली तर पुढे काय काय बोलावे लागेल, तेही दिसत होते. ही किल्ली मले पाहिजे आहे, भाऊ. प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं माझ्या अहवालावर दुसऱ्याची सही होऊन राहिली. दुरुस्त्या साचल्या हे खरं आहे, पण त्या साचून राहिल्या याचा मले थोडा आनंदही झाला होता.

“नाही, भाऊ,” ते म्हणाले. “काही नाही.”

“हव.” गंगाधरभाऊंनी दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. “खारट नाहीत न आज? फल्लीवाला बदलला.”

*

आठवडा भरला त्या सकाळी शालिग्रामने लिस्टवर लिहिले: ‘विहित मुदतीत हरकत आढळली नाही. सबब प्रस्ताव मंजूर.’ ‘आढळली’ हा शब्द लिहून झाल्यावर त्यांना दिसला. तो तसाच ठेवून त्यांनी मेल पाठवली.

तासाभरात गंगाधरभाऊंचे उत्तर आले. किल्ली सुपूर्त केली होती. सोबत कुठली दुरुस्ती कोणत्या अवस्थेत आहे, कोणत्या फॉन्टमध्ये कुठे खोड आहे, कोणाला कसे उत्तर दिले की तो टिकून राहतो, हे सगळे मुद्देसूद लिहिले होते. रेल्वेत पाळी बदलताना एक माणूस दुसऱ्याला जसे सांगून जातो, तसे. खाली ‘नियमानुसार’ एवढेच. मग बाकीचेही बोलू लागले. नागपूरहून अभिनंदन, मस्कतहून अभिनंदन, टेंभुर्णे सरांना मनःपूर्वक धन्यवाद. आठवडाभर ज्यांना एक ओळ लिहायला जमले नव्हते, त्यांना आता परिच्छेद सुचत होते. सोनियाने काही लिहिले नाही.

संध्याकाळी बाक रिकामा होता. त्यावर धूळ होती. शालिग्राम थोडा वेळ बसले आणि तिथून सरळ तात्यापाऱ्यात गेले.

दार गोदावरीवहिनींनी उघडले. “या, भाऊजी. ते आंघोळीले गेले.”

“या वेळेले?”

“डोकं गरम झालं म्हणे.” त्यांनी खुर्ची पुढे केली. कोपऱ्यात संगणक होता. त्यावर वहिनींनी भरतकाम केलेले झाकण घातले होते. ते झाकण इतक्या वर्षांत शालिग्रामने कधी पाहिले नव्हते. संगणक कधी झाकलेला नसेच.

वहिनी उभ्याच राहिल्या. आतल्या नळाच्या आवाजाकडे कान देऊन त्या हळू बोलल्या.

“पुरा आठवडा ते तिथंच बसून होते. उघडून पाह्यचं, बंद करायचं. मी म्हटलं, तुमाले पटत नाही तं लिहा न नाही म्हणून. तुमचंच आहे न ते. तं म्हणे, आपल्या जागेसाठी आपणच हरकत घ्यायची नसते, बरं नाही दिसत. कोणी एक तरी बोलन म्हणे. एकानं म्हटलं तरी पुरते.”

शालिग्रामची नजर त्या झाकणावर गेली.

“मी म्हटलं, कोण बोलन? तं गप्प. पण रोज पाच वाजले की रुमाल घेऊन तलावाले निघत होते.” त्या थांबल्या. “कोणाची वाट पाहून राहिले होते ते मले समजलं, भाऊजी. तुमाले नाही समजलं?”

नळ बंद झाला. गंगाधरभाऊ बनियनवर, डोके पुसत बाहेर आले. “अरे, जयभीम! कधी आला? अवो, चहा ठेवला का याच्यासाठी? कमी साखरेचा.”

चहा झाला. मोतीबिंदू अजून पिकला नव्हता. नव्या राजधानीच्या जागेवर म्हणे इतके रुंद रस्ते केले होते, की पलीकडे जाईस्तोवर माणूस म्हातारा होईल. शालिग्राम हसले, कारण हसण्याची जागा होती. निघताना त्यांना काहीतरी म्हणायचे होते. गंगाधरभाऊंनी दारातला दिवा लावला आणि “पायरी पाहून उतर, उखडली आहे,” असे सांगितले.

*

पुढच्या आठवड्यात शालिग्रामकडे मेन्टेनर म्हणून पहिली दुरुस्ती आली. पाठवणारे होते गंगाधर टेंभुर्णे.

नवख्या माणसाने जशी पाठवायची असते, तशी ती होती. काय बदलले, का बदलले, कशी चाचणी घेतली, सर्व काही. सुरुवातीला ‘महोदय’. बदल एका ओळीचा होता. आखर सुरू केल्यावर पडद्यावर क्षणभर येणाऱ्या माहितीत ‘मेन्टेनर : गंगाधर टेंभुर्णे, रायपूर’ असे असे. चुका कळवायचा पत्ताही त्याच ओळीत होता. त्या जागी आता ‘शालिग्राम रामटेके, रायपूर’ आणि त्यांचा पत्ता. ‘का बदलले’ याखाली लिहिले होते: ‘सध्याची माहिती चुकीची आहे. चुका योग्य माणसाकडे जाव्यात. कृपया तपासून घ्यावे.’

शालिग्रामने ते पुन्हा पुन्हा वाचले. विद्यापीठातल्या त्या मुलीच्या प्रश्नाला गंगाधरभाऊंनी दिलेले एका ओळीचे उत्तर त्यांना आठवले. ते उडवाउडवीचे नव्हते. शालिग्रामच्या दीड पानांत जे कुठेच आले नव्हते, ते त्या ओळीत होते. आणि पडद्यावरच्या ज्या ओळीमुळे लोक त्यांना नावाने लिहीत, ती आता त्यांनीच नियमानुसार खोडून पाठवली होती.

त्यांनी उत्तर लिहिले: ‘हरकत आहे. जुने नाव राहू द्यावे.’ पाठवून दिले. पाठवल्यावर कितीतरी दिवसांनी त्यांना श्वास नीट घेता आल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी गंगाधरभाऊंचे उत्तर सर्वांच्या देखत लिस्टवर होते.

‘कारण?’

त्या संध्याकाळी गंगाधरभाऊ तलावावर आले. बाक पुसून झाला होता. शालिग्राम बसले नाहीत. समोर उभे राहिले.

“भाऊ, ते कारण—”

गंगाधरभाऊंनी हात वर केला. रागाने नव्हे. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीला थांबवतात तसा, सरळ.

“लिस्टवर लिही, शालिग्राम.”

“तिथं नाही लिहिता येत, भाऊ. मी इथं सांगून राहिलो. त्या आठवड्यात मी—”

“इथं बोललेलं धरत नाहीत,” गंगाधरभाऊ म्हणाले. मग, जवळजवळ मायेने, “नियम चांगला आहे तो. सोनियाचं बरोबर होतं. बस आता. लोक पाहून राहिले.”

शालिग्राम बसले.

घरी आल्यावर त्यांनी संगणक उघडला. ‘कारण’ या शब्दाखाली त्यांनी तीन-चार वेळा लिहायला सुरुवात केली. इतिहासाच्या दृष्टीने मूळ लेखकाचे नाव असणे योग्य. पण मूळ लेखकाचे नाव वेगळ्या ओळीत होतेच, ती ओळ कोणी काढली नव्हती. वापरणाऱ्यांना जुन्या पत्त्याची सवय आहे. पण जुन्या पत्त्यावर चुका गेल्या, तर त्या किल्ली नसलेल्या माणसाकडे जातील. भिलाईत, नागपुरात, मस्कतमध्ये बसलेल्या माणसांसमोर टिकेल असे एकही कारण निघेना. जे कारण होते, ते तपासता येण्याजोगे नव्हते. ते लिहिले असते, तर दुसऱ्या कोणाच्या हरकतीत शालिग्रामने स्वतःच ते खोडून काढले असते.

विमला मागून आली आणि पडद्याकडे पाहत उभी राहिली. तिला वाचता येत होते. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला कसलीही मुदत नव्हती.

शालिग्रामने लिहिले: ‘हरकत मागे घेतो. बदल तपासला. बरोबर आहे.’ आणि किल्ली वापरून तो आत घेतला. मेन्टेनर म्हणून ही त्यांची पहिली नोंद. मग खात्री करण्यासाठी त्यांनी आखर सुरू करून पाहिले. पडद्यावर क्षणभर त्यांचे नाव आले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम लवकर निघाले. खिशात त्यांनी घरून एक धुतलेला रुमाल घेतला होता. फाटकापाशी पोहोचले तेव्हा दुरून दिसले, की गंगाधरभाऊ आधीच बसले आहेत. बाक पुसलेला होता, शालिग्रामच्या बाजूचाही.

“जयभीम, भाऊ.”

“जयभीम. बस.”

फवाऱ्याची चाचणी चालली होती. पाणी थोडे वर जाई, मग पडे. गंगाधरभाऊंनी फल्लीची पुडी उघडली. थोडा वेळ ती हातात धरून ठेवली. मग दोघांच्या मधे, बाकाच्या लाकडावर, कागद नीट पसरून ठेवली.

शालिग्रामने तळहात पुढे केला नव्हता, पण तो मांडीवर उघडाच होता. तो त्यांनी मिटला.

थोड्या वेळाने त्यांनी एक शेंग उचलली आणि फोडली. दाण्याचा भुगा झाला. गंगाधरभाऊ फवाऱ्याकडे पाहत आपली शेंग सोलत होते.